फोर्कलिफ्ट अपघात : यंत्राच्या वाटेत उभा असलेला हमाल

रेल्वेचा मालधक्का असो, बंदरातील कंटेनर यार्ड असो की महामार्गालगतचे गोदाम, माल चढवण्या-उतरवण्याच्या कामात फोर्कलिफ्ट हे आता नित्याचे यंत्र झाले आहे. अडीच टन वजन उचलणाऱ्या साध्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन चार टनांच्या आसपास असते. तीन-चार मोटारींएवढे वजन असलेले हे यंत्र अतिशय कमी जागेत गर्रकन वळते आणि ज्या फरशीवर ते वळते, त्याच फरशीवर हमाल, मापाडी, ट्रकचालक, क्लीनर आणि पावत्या हाती घेतलेला कारकून असे सगळे पायी वावरत असतात. अपघात घडला की पंचनाम्यात बहुधा एकच कारण लिहिले जाते : चालकाचा निष्काळजीपणा. ते अनेकदा खरेही असते. परंतु यंत्राची घडण, गोदामाची मांडणी आणि कामाची ठेकेदारी पद्धत यांचा विचार केल्याशिवाय या अपघातांचा उलगडा होत नाही.

फोर्कलिफ्टचा पूर्वज १९१७ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील क्लार्क कंपनीत तयार झाला. कारखान्यातल्या कारखान्यात सुटे भाग वाहून नेण्यासाठी कंपनीने स्वतःपुरती एक गाडी बनवली होती. पाहायला आलेल्या ग्राहकांनीच तिची मागणी केली, असा तिचा इतिहास सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रसद हलवताना लाकडी पॅलेट आणि फोर्कलिफ्ट यांची जोडी जगभर रूढ झाली.

भारतात या यंत्राचा मोठा प्रसार झाला तो अलीकडे. वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी आंतरराज्य विक्रीवरील कर टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवत. १ जुलै २०१७ नंतर त्याची गरज उरली नाही आणि अनेक लहान गोदामांची जागा मोजक्या मोठ्या गोदामांनी घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लॉजिस्टिक्स क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला. भिवंडी, चाकण, गुरुग्रामजवळील फर्रुखनगर, बंगळुरूजवळील होसकोटे, चेन्नईजवळील ओरगडम या पट्ट्यांत उभ्या राहिलेल्या नव्या गोदामांची उंची दहा-बारा मीटरपर्यंत असते. एवढ्या उंचीवरच्या मांडणीपर्यंत माणसाचे हात पोहोचत नाहीत. यंत्र अपरिहार्य झाले. मात्र ट्रकमधले पोते ओढणारे, खोकी मोजणारे, दोर बांधणारे हात तेथून हललेले नाहीत. आजचे बहुतांश भारतीय गोदाम हे निम्मे यंत्राचे आणि निम्मे हमालाचे आहे आणि अपघाताचा धोका नेमका या मिश्रणात आहे.

तरफ आणि तिचा टेकू

फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरची तरफ होय. पुढची चाके हा तिचा टेकू; एका बाजूला फोर्कवरचा भार, दुसऱ्या बाजूला यंत्राच्या पाठीमागे बसवलेला ओतीव लोखंडाचा प्रतिभार. यंत्रावरील पाटीवर ‘२५०० किलो’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते एका अटीवर लिहिलेले असते : मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून ठरावीक अंतरावर, सामान्यतः ५० सेंटिमीटरवर असला पाहिजे. माल लांब असेल तर ही क्षमता आपोआप घटते. पुढच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंतचे अंतर ४५ सेंटिमीटर धरले, तर पाटीवरील भार टेकूपासून ९५ सेंटिमीटरवर असतो. तोच माल १ मीटर ६० सेंटिमीटर लांबीच्या पेटीत भरलेला असेल, तर त्याचा मध्य टेकूपासून १२५ सेंटिमीटरवर जातो आणि अडीच टनांचे यंत्र सुमारे १९०० किलोंचेच राहते. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. परंतु पाटी पुसट झालेली असते, पेटीवर वजन लिहिलेले नसते आणि मागची चाके जमिनीवरून उचलली जाऊ लागली की ‘मागे दोघे उभे राहा’ असा उपाय केला जातो. प्रतिभारावर उभी राहिलेली ही दोन माणसे यंत्र कलंडताना सर्वप्रथम फेकली जातात.

यंत्र बाजूला कसे कलंडते, हे समजण्यास थोडे कठीण आहे. चार चाके दिसत असली तरी फोर्कलिफ्ट प्रत्यक्षात तीन बिंदूंवर उभी असते : पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मधला खिळा, ज्याभोवती तो आस डोलतो. या तीन बिंदूंच्या त्रिकोणाबाहेर गुरुत्वमध्य गेला की यंत्र आडवे होते. भार उंच उचलला की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि किरकोळ उतार, खड्डा किंवा झटक्यात घेतलेले वळणही पुरेसे ठरते. म्हणूनच माल जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरपेक्षा अधिक उंच न ठेवता वाहून न्यावा, असा नियम आहे. रिकामी फोर्कलिफ्ट वेगाने वळवताना अधिक सहज कलंडते, ही गोष्ट मात्र अनेक अनुभवी चालकांनाही ठाऊक नसते. भार नसताना गुरुत्वमध्य मागे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकलेला असतो. माल पोहोचवून मोकळ्या यंत्रानिशी घाईघाईने परतणारा चालक आपण आता सुरक्षित आहोत असे समजतो, नेमका त्याच वेळी तो अधिक धोक्यात असतो.

यंत्र कलंडू लागले की उडी मारावी, ही माणसाची सहजप्रवृत्ती. फोर्कलिफ्टच्या बाबतीत तीच जीवघेणी ठरते, कारण उडी ज्या बाजूला पडते त्याच बाजूला डोक्यावरचे संरक्षक छप्पर येऊन आदळते. पट्टा बांधून आसनातच राहणे, पाय घट्ट रोवणे आणि कलण्याच्या विरुद्ध दिशेला झुकणे, हे प्रशिक्षणात शिकवले जाते. तासाभरात पंधरा-वीस वेळा चढउतार करणारा चालक पट्टा बांधण्याचा कंटाळा करतो. त्यासाठी पट्टा लावल्याशिवाय यंत्र सुरूच होणार नाही अशी जोडणी आता उपलब्ध आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८० ते १९९४ या काळातील १,०२१ मृत्यूंचे वर्गीकरण केले होते. त्यांत यंत्र उलटून २२ टक्के, पायी कामगाराला धडक बसून २० टक्के, यंत्राखाली वा यंत्रामुळे चिरडून १६ टक्के आणि फोर्कलिफ्टवरून पडून ९ टक्के मृत्यू झाल्याचे आढळले. यंत्रे सुधारली, प्रशिक्षण सक्तीचे झाले, तरी २०२० या एका वर्षात त्या देशात फोर्कलिफ्टमुळे ७८ मृत्यू आणि कामावर गैरहजर राहावे लागेल अशा ७,२९० दुखापती नोंदल्या गेल्या.

पायी चालणाऱ्याची बाजू

फोर्कलिफ्टचे सुकाणू मागच्या चाकांना जोडलेले असते. मोटार वळताना तिची मागची बाजू पुढच्या चाकांच्या मागोमाग आतून जाते. फोर्कलिफ्टची मागची बाजू उलट बाहेर फेकली जाते. यंत्राशेजारून जाणारा किंवा थप्पीला टेकून बिडी ओढत उभा असलेला कामगार यंत्र पुढे निघाले म्हणून निर्धास्त असतो आणि तेवढ्यात प्रतिभाराचा कोपरा त्याला थप्पीवर दाबतो. पावलावरून मागचे चाक जाणे, ही दुखापतही अशाच बेसावध क्षणी होते. भरीव रबराच्या त्या चाकाखाली चप्पल घातलेले पाऊल सापडले तर हाडांचा चुरा होतो. पोलादी टोपीचे बूट अनेक ठिकाणी चालकाला दिले जातात. हमाल मात्र चपलेतच असतो, कारण तो दुसऱ्या ठेकेदाराचा माणूस असतो.

पुढचे दिसत नाही, हे दुसरे मोठे कारण. फोर्कवर छातीपेक्षा उंच माल असेल तर यंत्र उलटे, म्हणजे मागे पाहत चालवावे असा नियम आहे. दिवसभर मान वळवून यंत्र चालवणे त्रासाचे असते, म्हणून मालाच्या कडेने डोकावत पुढे जाण्याची सवय लागते. भर उन्हातून अंधाऱ्या गोदामात शिरताना डोळ्यांना सरावायला काही सेकंद लागतात. दाराच्या आतला पहिला टप्पा म्हणूनच घातक असतो आणि सावली असल्याने माणसे नेमकी तेथेच बसतात. मागे जाताना वाजणारा भोंगा अखंड वाजत राहिल्याने ऐकूच येईनासा होतो. अलीकडे यंत्राच्या पुढे-मागे फरशीवर निळा ठिपका पाडणारे दिवे बसवले जात आहेत. आवाजाला सरावलेल्या माणसाचे लक्ष ते वेधून घेतात.

ट्रक आणि गोदाम यांमधली फट हा स्वतंत्र विषय आहे. उंच धक्का असलेल्या गोदामात फोर्कलिफ्ट थेट ट्रकच्या हौद्यात शिरते. प्रत्येक खेपेच्या धक्क्याने ट्रक इंच-इंच पुढे सरकतो आणि मधली पोलादी पट्टी निसटते. माल भरून झाला असे समजून ट्रकचालकाने गाडी काढली, तर यंत्र चालकासह खाली कोसळते. चाकांपुढे लाकडी ठोकळे लावणे आणि भरणी संपेपर्यंत ट्रकची किल्ली गोदामाच्या ताब्यात ठेवणे, हे यावरचे दोन उपाय जवळपास फुकटात होतात. किल्ली देण्यास ट्रकचालक नाखूष असतात, त्यामागे किल्लीबरोबर गाडीचा ताबा गेल्याची भावना असते. परंतु जेथे ही पद्धत रुळली आहे तेथे तिच्यावरून वाद होत नाहीत.

धक्का नसलेल्या जुन्या गोदामांत चित्र वेगळे असते. यंत्र बाहेरून पॅलेट उचलून हौद्याच्या उंचीवर धरते आणि ट्रकमध्ये उभे असलेले हमाल पोती आत ओढून घेतात. त्यांच्या एका बाजूला अधांतरी भार, दुसऱ्या बाजूला केबिनची भिंत. यंत्राचा पुढचा धक्का किंवा फुटके पॅलेट, काहीही झाले तरी सरकायला जागा नसते. रसायने, तांदूळ, साखर यांच्या एक-एक टनाच्या जंबो पिशव्या फोर्कला नाड्यांनी लटकवून नेल्या जातात, तेव्हा त्या हेलकावू नयेत म्हणून माणूस हाताने धरून सोबत चालतो. वरच्या मांडणीवरचे एखादे खोके काढण्यासाठी थेट फोर्कवर किंवा पॅलेटवर उभे राहून वर जाण्याचा प्रकारही सर्रास आढळतो. कठडे असलेला, फोर्कला पक्का जोडलेला पिंजरा नसेल तर माणूस उचलू नये, हा नियम जगभर सारखाच आहे. कंटेनरची दारे उघडताना प्रवासात सरकलेला माल अंगावर कोसळतो, तो अपघात यंत्राविनाही होतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व संयुक्त राष्ट्रांचा युरोप आर्थिक आयोग यांनी कंटेनर भरणीसाठी २०१४ मध्ये संयुक्त संहिता काढली, त्यामागे असे अपघात हे एक कारण होते.

यावर यंत्राच्या आणि माणसाच्या वाटा वेगळ्या करणे, हा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. फरशीवर पिवळा पट्टा मारला म्हणजे वाटा वेगळ्या झाल्या असे नव्हे. पट्ट्यावर माल रचला जातो आणि माणसे पुन्हा यंत्राच्या वाटेवर येतात. लोखंडी कठडा, पायी जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र दार आणि यंत्र हौद्याजवळ असताना हमालांनी ठरलेल्या जागी थांबण्याची शिस्त, यांचा उपयोग अधिक होतो. पण टोळीची मजुरी टनावर किंवा पोत्यावर मोजली जाते. थांबलेला प्रत्येक मिनिट टोळीच्या खिशातून जातो आणि ट्रक खोळंबल्याचा तगादा वाहतूकदाराकडून सुरूच असतो. सुरक्षा अधिकारी ज्याला बेशिस्त म्हणतात, तिचा मोठा भाग या हिशेबातून आलेला असतो.

एका फरशीवर तीन मालक

गोदाम एका कंपनीचे, फोर्कलिफ्ट चालकासह भाड्याने दिलेली दुसऱ्याची, हमालांची टोळी मुकादमाची आणि ट्रक चौथ्याचा, अशी आजची सर्वसाधारण रचना आहे. यातील कोणाच्याही नोंदवहीत इतरांची नावे नसतात. नव्याने आलेल्या चालकाला फरशीवरचा उतार कोठे आहे हे कोणी सांगत नाही आणि हमालाला आज कोणते यंत्र कोणत्या वाटेने फिरणार हे ठाऊक नसते.

चालकाच्या परवान्याबाबतही अशीच पोकळी आहे. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले विशेष वाहन १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळलेले आहे. दुसरीकडे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील बांधकाम उपकरण वाहनांच्या व्याख्येत फोर्कलिफ्टचा नामोल्लेख आहे. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर आणल्यास नोंदणी, परवाना व विमा हवा. आवारात फिरवल्यास यांपैकी काहीही नसले तरी परिवहन कार्यालयाचा संबंध येत नाही, असा अर्थ व्यवहारात काढला जातो. न्यायालयांनी मात्र तो सरसकट मान्य केलेला नाही. उत्खनन यंत्रे व रोड रोलर आवारात वापरले जात असले तरी ती मोटार वाहनेच ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये केरळमधील एका प्रकरणात म्हटले होते. अपघातग्रस्ताच्या दृष्टीने हा वाद कोरडा नाही : यंत्र मोटार वाहन ठरले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दार उघडते, अन्यथा नाही.

अमेरिकेत १९९९ पासून प्रत्येक फोर्कलिफ्ट चालकाचे प्रशिक्षण व प्रत्यक्ष चाचणी मालकावर बंधनकारक असून दर तीन वर्षांनी फेरतपासणी करावी लागते. १८ वर्षांखालील व्यक्तीला शेतीबाहेरच्या कामात हे यंत्र चालवता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोची अशा यंत्रांसाठी सुरक्षा संहिता १९८० पासून आहे. राष्ट्रीय कौशल्य चौकटीत फोर्कलिफ्ट चालकाचा अभ्यासक्रमही आहे. तथापि, भरती करताना ‘चालवता येते का’ एवढेच विचारले जाते आणि उत्तर म्हणून आवारात एक फेरी मारून दाखवणे पुरेसे ठरते.

कायद्याच्या कक्षेत कोण

१९४८ च्या कारखाना कायद्याने उचल-यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक केली आणि सुरक्षित भार यंत्रावर लिहिण्याची अट घातली. दुखापतीमुळे कामगार ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर त्या अपघाताची सूचना निरीक्षकाला देणेही त्यात आले. प्रश्न होता तो ‘कारखाना’ या शब्दाचा. शीतगृह कायद्याने कारखान्यात मोडते. केवळ माल साठवणारे साधे गोदाम मोडत नाही. मोठ्या बंदरांतील गोदी कामगारांसाठी १९८६ चा स्वतंत्र कायदा होता. या दोहोंच्या मधल्या जागेत, म्हणजे महामार्गालगतच्या गोदामांत, अपघाताची नोंद पोलीस ठाणे आणि रुग्णालय यांपलीकडे जाण्याची सक्ती नव्हती. देशातील नोंदणीकृत कारखान्यांत दरवर्षी हजाराच्या घरात कामगार मृत्युमुखी पडतात, ही सरकारी आकडेवारी नेहमी उद्धृत केली जाते. कारखान्याच्या व्याख्येबाहेरच्या गोदामात फोर्कलिफ्टखाली सापडलेला हमाल तिच्यात धरलेला नसतो.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि वरील दोन्ही कायदे तिच्यात विलीन झाले. दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना, मग तेथे उत्पादन होवो वा व्यापार, ही तिची मूळ कक्षा आहे. त्यामुळे गोदामे प्रथमच थेट सुरक्षा कायद्याखाली आली. त्याच वेळी कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या वीज वापरणाऱ्यांसाठी १० वरून २०, तर वीज न वापरणाऱ्यांसाठी २० वरून ४० करण्यात आली. सुरक्षेतील कसुरीमुळे मृत्यू वा गंभीर दुखापत झाल्यास मालकाला होणाऱ्या दंडाच्या किमान निम्मी रक्कम पीडिताला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. दहा-दहा माणसे वेगवेगळ्या ठेकेदारांच्या नावावर दाखवण्याची जुनी रीत ही तरतूद किती पोकळ करील, हे निरीक्षकांच्या संख्येवर अवलंबून राहील.

महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. कोणा एकाचा नोकर नसलेल्या हमालाला मंडळाकडे नोंदणी, मजुरीची हमी आणि भविष्यनिर्वाह निधी त्याने मिळवून दिला. नोंदित कामगारांना अपघात भरपाईचा कायदा लागू करण्याची तरतूदही त्यातच आहे. केरळने १९७८ मध्ये डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांसाठी असाच कायदा केला. इतर बहुतेक राज्यांत टोळीची ओळख मुकादमाच्या वहीपुरतीच असते.

अपघातानंतर त्या वहीला मोल येते. १९२३ च्या भरपाई कायद्यात मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक वेतनाची निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला अंक. या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे. तीस वर्षांच्या, तेवढे वेतन सिद्ध होणाऱ्या कामगारासाठी हा अंक २०७.९८ असल्याने रक्कम १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होते. वेतनाचा पुरावा कमी पडेल तशी ती खाली येते. तळाची मर्यादा १ लाख २० हजार रुपयांची आहे. अवयव गेल्यास कमाईच्या क्षमतेतील घट टक्क्यांत मोजतात : हाताचा अंगठा गेल्यास ३० टक्के, पायाचा अंगठा मुळापासून गेल्यास १४ टक्के. पाठीवर ५० किलोंचे पोते घेऊन कलत्या फळीवरून चढणाऱ्याच्या बाबतीत हे १४ टक्के फारच अपुरे आहेत, कारण त्याचा सगळा तोल त्या अंगठ्यावर असतो. राज्य विमा योजनेत नाव असेल तर दावा भरपाई आयुक्तांऐवजी विमा महामंडळाकडे जातो. तेथे वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे.

ठेकेदार सापडत नाही, ही वारसांची सर्वांत मोठी अडचण असते. त्यासाठी कायद्याने मूळ मालकाला, म्हणजे ज्याच्या धंद्याचे काम चालू होते त्याला, थेट जबाबदार धरले आहे. ठेकेदाराकडून वसुली त्याने नंतर करावी. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे. फौजदारी बाजूला मात्र निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, बहुतेक वेळा यंत्र चालवणाऱ्यावरच दाखल होतो. त्याची कमाल शिक्षा पूर्वी दोन वर्षे होती, ती आता पाच वर्षे झाली आहे.